पिठाच्या डब्यामागचा माइक

आमचा लालासाहेब थोरात कुणावरही विश्वास ठेवत नाही. स्वतःवरसुद्धा नाही. घराला कुलूप लावून चार पावलं गेला की माघारी येतो, कुलूप ओढून बघतो, पुन्हा निघतो आणि कोपऱ्यावर आल्यावर मला विचारतो, "नानासो, मी वढून बघितलं न्हवं रं?" बघितलंस म्हणून सांगावं, तर माझ्याकडंच संशयानं बघतो.

कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. ऊस आणि फौज या दोन गोष्टींवर चाललेलं. लालासाहेब आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. पुढं तो भरती झाला आणि मी रानात राहिलो. फौजेत त्याला सिग्नलला घातलं. कानाला हेडफोन लावायचे आणि खरखरीतून माणसाचा आवाज वेगळा काढायचा, हे त्याचं नोकरीभरचं काम. माणूस खोटं बोलणार असला की बोलायच्या आधी श्वास वेगळा घेतो, असं तो सांगायचा. सरहद्दीवर हा गुण असेल. हवालदार होऊन पेन्शनवर गावी आला, तेव्हा त्या गुणाचा सगळ्यांना ताप झाला.

गॅसचा सिलिंडर आला की हा ताणकाटा घेऊन दारात उभा. एकदा त्यानं उसाची ट्रॉली कारखान्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या काट्यावर तोलून नेली. दोन्हीकडं वजन सारखंच भरलं, तेव्हा तर त्याला जास्तच संशय आला. दोघे काटेवाले एकमेकांचे पाहुणे असणार, हे त्यानं मला महिनाभर ऐकवलं. घरातही तीच गत. बनूवहिनींनी डाळ आणली की तो मूठभर ताटात घेऊन निवडून बघणार. वहिनी माहेरी फोनवर बोलल्या की "काय म्हणत हुते?" हे विचारल्याशिवाय त्याला घास उतरायचा नाही. वहिनी मेढ्याकडच्या डोंगरातल्या. त्या कधी उलटून बोलल्या नाहीत. "बघा की," एवढंच म्हणायच्या आणि डाळ असो, फोन असो, त्याच्यापुढं ठेवून आपल्या कामाला लागायच्या.

त्याच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी भजन असतं. वडिलांनी सुरू केलेलं, आणि हा बाहेर असतानाही कधी खंड पडला नाही. पेन्शनच्या पैशातून त्यानं जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हाही भजनासाठी पुढचा सोपा ऐसपैस ठेवला. आम्ही पुरुष सोप्यात, घरची बाई आत चहाला. असंच चालत आलेलं आहे, कुणी त्याचा कधी विचार केला नाही. पखवाजाला धनाजी, पेटीला एक रिटायर झालेले मास्तर, टाळाला मी आणि आणखी तिघंचौघं. आणि गायला आकाराम.

आकाराम हा आमच्याच वर्गातला. गळा बारीक आणि चढा. शाळेत आम्ही त्याला बायकी आवाजाचा म्हणून रडेपर्यंत चिडवायचो. पुढं तो गळा ऐकायला शेजारच्या गावातनं माणसं यायला लागली, तेव्हा आमची तोंडं बंद झाली. काही वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. कराडला ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण गळ्यावर ताण देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. थोड्या महिन्यांनी तो पुन्हा गुरुवारी येऊन बसला, डोळे मिटले, चाल वर नेली, आणि वरचा सूर असा स्वच्छ लागला की पखवाज वाजवता वाजवता धनाजी रडला. देवाची कृपा, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. एकटा लालासाहेब परत जाताना माझ्या कानाशी पुटपुटला, "ऑपरेशननं आवाज सुधारतोय व्हय कधी?"

मी त्याला गप्प बस म्हणालो.

रेकॉर्डिंगचं वेड त्याला मुलीमुळं लागलं. संयोगिता पुण्याला नोकरी करते. तिला घरचं भजन ऐकायचं होतं. यानं फोन टेकवून व्हिडिओ केला, तर त्यात नुसता टाळांचा खणखणाट. आकाराम आहे की नाही तेही कळेना. फोनमधून कुणीतरी चांगला माइक काढून हलका बसवला आहे, असा याचा पहिला संशय. दुसरा फोन आणला, तोही तसाच. मग त्यानं आठ माइक जोडता येतील असं रेकॉर्डिंगचं मशीन मागवलं, कॉम्प्युटर घेतला आणि पावसाळाभर त्याच्यापुढं बसून शिकला.

पद्धत अशी. प्रत्येकापुढं वेगळा माइक, आणि मशीनवर प्रत्येकाचा आवाज वेगळा ठेवायचा. त्याला ट्रॅक म्हणायचं. आकारामचा एक ट्रॅक, पेटीचा एक, माझ्या टाळाचा एक. दोन कोपऱ्यांत दोन फोन व्हिडिओला. नंतर कॉम्प्युटरवर व्हिडिओतला फोनचा आवाज काढून टाकायचा, प्रत्येक ट्रॅक कमीजास्त करून सगळ्यांचं एक गाणं करायचं आणि ते चित्राशी जुळवायचं. जुळावं म्हणून भजन सुरू होण्याआधी मी दोन्ही फोनना दिसतील असे टाळ उंच धरून एक ठोका द्यायचो. चित्रात टाळ भिडले ती जागा आणि ट्रॅकवर ठोका उमटला ती जागा एकाखाली एक आणली की पुढचं सगळं बरोबर. "नानासो, तुझ्या ठोक्यावर सगळी इमारत उभी हाय," असं तो म्हणायचा. मला बरं वाटायचं. मग मी ठोका खरंच एकच दिला ना, हे तो पुनःपुन्हा ऐकून बघायचा.

या मशीननं आमच्या भजनात मात्र कलागती लावल्या. ज्याला त्याला आपापला ट्रॅक एकटा ऐकायला मिळायला लागला. धनाजीनं स्वतःचा पखवाज ऐकला आणि "ह्यो माझा न्हवंच," म्हणून हात झटकले. लालासाहेब मुद्दाम पेटी बारीक करतो, असं मास्तरांच्या मनानं घेतलं. एक टाळकरी तर इतकी वर्षं नुसतं तोंड हलवत होता, हे उघडं पडलं. पुढच्या गुरुवारी तो असा काही ओरडला की त्याला हात जोडून पुन्हा नुसतं तोंड हलवायला सांगावं लागलं. पूर्वी आम्ही हसत यायचो, आता एकमेकांकडं तिरकं बघत यायला लागलो. मला त्या मशीनचा रागच यायला लागला होता.

अशात संयोगिताचा पुण्याहून फोन आला. "पप्पा, आवाज एकदम मस्त आलाय. पण ती गौळण आहे ना, त्यात एके ठिकाणी आकारामकाकांचं तोंड मिटलंय आणि आवाज चालूच आहे."

लालासाहेबाला वाटलं, जुळणी घसरली. त्यानं माझा ठोका काढून पुन्हा बघितला. टाळ जिथं भिडत होते, तिथंच ठोका. धनाजीचा हात पखवाजावर पडतो, तिथंच थाप. मास्तरांची बोटंही जागच्या जागी. सगळं भजन चित्राला चिकटून चाललेलं, आणि चाल वर चढली की नेमका आकाराम मान खाली घालायचा, टाळ तोंडापुढं आणायचा. दुसऱ्या कोपऱ्यातल्या फोनला मात्र त्याचे ओठ दिसत होते. ओठ मिटलेले आणि सूर चाललेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या गोठ्यात आला. मी वैरण टाकत होतो.

"भजनात चोरी चाललीया," तो म्हणाला.

आधी त्याचा वहीम धनाजीवर होता. धनाजी पखवाजाच्या खोळीत बारका स्पीकर लपवतो आणि आकारामचं जुनं रेकॉर्डिंग लावतो, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, धनाजीला अजून स्वतःच्या फोनचा गजर बंद करता येत नाही. मग त्यानं मला ओढत घरी नेलं, हेडफोन माझ्या कानाला लावले आणि आकारामचा एकट्याचा ट्रॅक ऐकवला. खालचे सूर भरलेले, आमच्या ओळखीचे. चाल वर निघाली तसा आवाज फाटायला लागला, आणि वरच्या सुराच्या तोंडाशी आल्यावर नुसता श्वास. कष्टानं घेतलेला, घरघरणारा. आणि त्या श्वासाच्या मागं, लांबून कुठून तरी, तो स्वच्छ सूर ऐकू येत होता.

"तवा ह्यो कोन गातोय?" लालासाहेबानं विचारलं.

"मला काय ठावं?"

"आवाज चालत येतो, नानासो. जवळच्या माइकात आधी पोचतो, लांबच्यात मागनं. मी सगळं ट्रॅक एकाखाली एक लावून बघितलं. ह्यो चोरटा सूर सगळ्यांच्या आधी एकाच्याच माइकात पोचलाय."

"कुणाच्या?"

"तुझ्या."

मी हसलो. तो हसला नाही. मग मी चिडलो. अरे, मी गाणं म्हटलं की म्हैस पान्हा चोरते, आणि मी आकारामचा वरचा सूर लावणार? त्याला म्हटलं, वाटेल त्याची शपथ घेतो. तो म्हणाला, "शप्पत समदेच घेत्यात." एका बाकावर बसलेला माणूस माझ्या तोंडावर असं बोलला. त्या दिवशी मी त्याच्या घरचा चहा न घेता उठलो.

पुढच्या गुरुवारी मी भजनाला गेलोच नाही. खरं तर सांगलीला मेहुण्याच्या मुलीचा साखरपुडा होता, पण नसता तरी गेलो नसतो. माझी जागा रिकामी ठेवून तिथला माइक यानं तसाच चालू ठेवला होता. ठोक्याच्या जागी धनाजीनं पखवाजावर एक थाप दिली. मी सांगलीहून परतलो, तर हा एसटीच्या थांब्यावर उभा. मला वाटलं, माफी मागायला आलाय.

"तू न्हवतास," तो म्हणाला. "तरी बी तुझ्याच माइकात पयला आला. आन् मधी तुझं धूड न्हवतं म्हणून जास्तच खणखणीत आला."

"मग झालं तर. सुटलो की मी."

तो पुढं चालायला लागला. घरापर्यंत आम्ही तसेच चालत आलो, आणि मग माझ्याही ध्यानात आलं. सोप्यात माझी बसायची जागा ठरलेली आहे. माझ्या पाठीमागं दार आहे. दाराच्या आत स्वयंपाकघर, आणि भजन चालू असताना तिथं चहाचं आधण ठेवून एकच माणूस असतं.

मी म्हटलं, "वैनी गात असतील तर चांगलंच हाय की रं."

"गाऊ दे की. मी कुटं नको म्हनतोय?" तो थांबला. "पर आकाराम कुटं सोडणार ते हिला आधी कसं ठाऊक? तो सोडतोय आन् ही धरतीया, मधी सुईभर फट न्हाई. मी मोजून बघितलंय. फौजेत दोन जवानांस्नी एकदम बोलायला शिकवायला महिना जातोय. ह्यांनी हे कवा बसवलं? कुटं बसून बसवलं?"

आता त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तो जम्मूला, कधी आणखी वर कुठं, आणि इथं दर गुरुवारी त्याच्या घरात भजन. दर गुरुवारी आकाराम. मी त्याला शिव्या दिल्या. आकारामबद्दल आणि त्या बाईबद्दल असं मनात आणतोस, तुला लाज कशी वाटत नाही, म्हणालो. पण संशय हा फार चिकट असतो. घरी येऊन जेवायला बसलो आणि मलाच आठवलं, की भजन झाल्यावर आम्ही सगळे चहाचे कप जिथल्या तिथं ठेवून उठतो, आणि आकाराम तेवढा सगळ्यांचे कप गोळा करून ताट आत नेऊन देतो. आजवर मी त्याला भला माणूस म्हणत होतो. त्या रात्री भाकरी चावताना मला त्याचा वेगळाच अर्थ लागायला लागला, आणि लालासाहेबापेक्षा स्वतःचा जास्त राग आला.

तो आठवडा त्या घरात कसा गेला असेल, देव जाणे. मी दोनदा गेलो. तो वहिनींशी बोलत नव्हता. त्या ताट पुढं ठेवायच्या, हा जेवायचा, उठायचा. निवडायला डाळ मागितली नाही की फोनबद्दल विचारलं नाही. ज्या माणसानं उभा संसार "काय म्हणत हुते?" विचारण्यात घालवला, तो काहीच विचारेनासा झाला होता. मला भीती वाटली. लहानपणापासूनचा दोस्त आणि इतक्या वर्षांचा संसार, दोन्ही त्या एका सुराला टांगलं होतं. काय निघेल ते निघो, पण हा त्याच्या शेवटाला गेल्याशिवाय राहणार नाही, हे मला दिसत होतं.

मशीनला माइक लावायला आठ जागा. आमच्यात सातच वापरायचो. गुरुवारी दुपारी वहिनी शेजारी पापड लाटायला गेल्या, तेव्हा त्यानं आठवा माइक स्वयंपाकघरात फळीवर, पिठाच्या डब्यामागं ठेवला. केबल इन्व्हर्टरच्या वायरीला बांधून सोप्यात आणली. मला हे सगळं त्यानं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी ती केबल तोडली असती.

भजन झालं. मी ठोका दिला. आकाराम नेहमीसारखा गायला, वरचा सूर नेहमीसारखा लागला. लालासाहेब हेडफोन लावून मशीनपाशी बसला होता, त्याची नजर आकारामच्या ओठांवर. चहा झाला. आकारामनं कप गोळा केले आणि आत गेला. मी दाराकडं पाठ करून बसलो होतो, आणि मला मागं वळायचं धाडस झालं नाही.

शुक्रवारी दुपारी त्यानं मला बोलावलं. वहिनी रानात गेल्या होत्या. हेडफोन एकच, म्हणून एक कान त्याला आणि एक मला, असे आम्ही दोघं म्हातारे कॉम्प्युटरपुढं डोक्याला डोकं लावून बसलो. त्यानं चित्र लावलं आणि आवाज फक्त आठव्या ट्रॅकचा ठेवला.

चित्रात मी टाळ उंच धरले, भिडवले, आणि कानात तो ठोका भिंतीपलीकडून बारीक आला. मग स्वयंपाकघर ऐकू यायला लागलं. गॅसचा सूं सूं आवाज. पातेल्यावर झाकण. आलं ठेचल्याचा आवाज, आणि तोही पखवाजाच्या लयीत. बांगड्या. पलीकडून आमचं भजन, जसं त्या घरातल्या बायकांना आजवर ऐकू आलं असेल तसं, निम्मं. चाल वर चढायला लागली. गॅस बंद झाला. बांगड्या थांबल्या. चित्रात आकारामनं मान खाली घातली आणि अगदी कानाशी बनूवहिनींनी सूर लावला.

मी आयुष्यात इतकं चांगलं गाणं ऐकलेलं नाही. भिंतीच्या अलीकडं आमच्यापर्यंत जे यायचं, ते त्याचं उष्टं होतं. सूर संपला, आकारामनं खालचे शब्द धरले, आणि आत काडी ओढल्याचा आवाज आला. चहा पुन्हा गॅसवर चढला.

लालासाहेबाचं तोंड दगडासारखं होतं. त्यानं भजन सरकवून पुढं नेलं. चित्रात आकाराम ताट उचलून दारातून गेला, दार रिकामं राहिलं, आणि कानात कपांचा आवाज आला.

"वैनी," आकारामचा आवाज. "आज मी लवकर सोडला. तुमची धांदल झाली आसंल."

"न्हाई. गॅस आधीच बंद केला हुता मी."

"तुमाला कसं कळतंय वो, मी कुटं सोडणार ते? आपुन तर कवा या गोष्टीवर बोललो बी न्हाई."

"लगीन होऊन आले तवापासनं दर गुरवारी भित्तीआडनं ऐकतीया, भावजी. तुमचा दम कुटं सरतो ते मला ठाऊक झालंय. पयल्यांदा तुमी ऑपरेशननंतर आला आन् अडला, तवा माजं तोंड आपुआप उघडलं."

थोडा वेळ कप विसळल्याचा आवाज. मग आकाराम अगदी हळू बोलला. "लालासाबाला सांगून टाकू का? लोक माझं कौतिक करत्यात आन् मला चोरट्यावानी वाटतंय."

"हळू कशाला बोलताय?" वहिनींचा आवाज अचानक मोठा आणि जवळ आला. त्यांनी तोंड फळीकडं वळवलं असावं. "सांगू नका. ह्या घरात त्यांनी तपासून बघितल्यालं न्हाई असं एवढं एकच हाय. तेवढं माझं ऱ्हाऊ द्या."

नंतर पाणी पडत राहिलं.

लालासाहेबानं हेडफोन काढला नाही. मीच माझा कान सोडवून घेतला. त्याच्याकडं बघवत नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकत आलेला माणूस, पण हे पहिल्यांदाच त्याच्यासाठी बोललेलं ऐकत होता, असं मला वाटलं. तेवढ्यात त्याच्याही ध्यानात आलं असावं. तो उठला आणि जवळजवळ पळतच आत गेला. मी मागोमाग.

पिठाच्या डब्यामागं माइक नव्हता. तो कट्ट्यावर होता, धुतलेल्या फडक्यावर ठेवलेला. त्याच्यावरचं पीठ पुसलेलं. केबल गुंडाळून बांधलेली, आणि ती अशातशी नव्हे, तर फौजेत शिकवतात तशी, एक वेढा सुलटा आणि एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. त्या घरात तशी केबल फक्त लालासाहेब गुंडाळतो. दर गुरुवारी भजन झाल्यावर तो सोप्यात बसून गुंडाळायचा, आणि दाराच्या आतून ती बघत असणार.

"हिला ठाऊक हुतं," तो म्हणाला. "ठाऊक आसून गायली."

मला त्याला चार शब्द सुनावायचे होते. तोंडाशी आलेले होते. पण तो त्या केबलच्या वेढ्यांवरून बोट फिरवत उभा राहिला. थोड्या वेळानं मागच्या दारानं वहिनी आल्या. डोक्यावर वैरणीचा भारा. आम्हाला दोघांना कट्ट्यापाशी बघितलं, भारा खाली टाकला, हात धुतले.

"च्या ठिवू का?" त्यांनी विचारलं.

तो काहीतरी विचारणार, असं मला वाटलं. त्यानं श्वास घेतला, तो मला ऐकू आला. "ठिव," तो म्हणाला. मग म्हणाला, "साखर थोडी जास्त घाल." त्याला साखर बंद आहे. वहिनींनी त्याच्याकडं बघितलं आणि मोजून एक चमचा जास्त घातली.

पुढचा गुरुवार आला. माइक आमच्यापुढं होते, फोन कोपऱ्यांत होते. मी सवयीनं टाळ उंच धरून ठोका दिला आणि लालासाहेबाकडं बघितलं. तो मशीनपाशी नव्हता. माझ्या शेजारी, दाराला पाठ लावून, मांडी घालून बसला होता. हेडफोन खुंटीला. दोन्ही फोनचे पडदे काळे, आणि मशीनचा लाल दिवा लागलेला नव्हता. धनाजीनं मला डोळ्यांनी खुणावलं, मशीन बंद आहे म्हणून. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

आकाराम गायला लागला. चाल वर चढायला लागली, तसं लालासाहेबाचं अंग ताठ झालं. मला धाकधूक, की वहिनी गातात की नाही. ज्या माणसानं चोरून ऐकलं, त्याच्यासाठी कुणी का गावं? आकारामनं मान खाली घातली. आत गॅस बंद झाल्याचं या वेळी मलासुद्धा ऐकू आलं.

सूर आला. आमच्या पाठीमागून, दाराच्या अगदी जवळून. लालासाहेबानं मागं वळून बघितलं नाही. नुसते डोळे मिटले, आणि दाराला टेकलेलं डोकं तिथंच ठेवलं.

शनिवारी मी त्याच्याकडं बसलो होतो, तेव्हा संयोगिताचा फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकला, वहिनींनाही ऐकू जावं म्हणून. "पप्पा, या गुरुवारचा व्हिडिओ आला नाही. मशीन बिघडलं का?"

"न्हाई बिघडलं."

"मग भजन झालं नाही?"

"झालं की. लय चांगलं झालं."

"कुणी गायलं?"

आत बांगड्या थांबल्या. लालासाहेबानं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मी तपासलं न्हाई," तो म्हणाला.